पांढरे क्रूस आणि एक प्रमाणपत्र

19 फेब्रुवारी 1974. अमेरिकेतलं सेंट लुईस शहर, कॉन्कॉर्डिया सेमिनरीचं, म्हणजे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) घडवणाऱ्या महाविद्यालयाचं, आवार. विद्यार्थी मोकळ्या मैदानात पांढरे लाकडी क्रूस रोवतायत. प्रत्येक क्रूसावर एक नाव आहे, कुठे प्राध्यापकाचं, कुठे विद्यार्थ्याचं. मग सगळे रांगेनं कमानीबाहेर पडतात. कमान फळ्यांनी बंद होते आणि फळ्यांवर एकच शब्द दिसतो: 'हद्दपार'.

50 प्राध्यापकांपैकी 45 त्या दिवशी बाहेर होते. दुसऱ्या दिवशी वर्ग भरले ते ईडन सेमिनरीत आणि सेंट लुईस विद्यापीठात. हे विद्यापीठ जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचं. ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या, पाळकांच्या शिक्षणाला त्या आठवड्यात छप्पर मिळालं, ते एका कॅथलिक संस्थेचं.

ही सेमिनरी ल्यूथरन चर्च–मिसुरी सिनॉडची. सिनॉड म्हणजे स्थानिक मंडळ्यांचा, एकेका चर्चमधल्या सभासदांच्या समूहांचा, संघ. जर्मन स्थलांतरितांनी 1847 मध्ये उभारलेल्या या सिनॉडची सभासदसंख्या 1970च्या दशकाच्या सुरुवातीला 27 लाखांच्या वर होती. तिची रचना समजली नाही, तर भांडणही समजत नाही. स्थानिक मंडळीची मालमत्ता मंडळीचीच असते आणि तिच्या कारभारात सिनॉडनं फक्त सल्ला द्यायचा, असं घटना सांगते. सेमिनरी मात्र थेट सिनॉडची. तिचं नियामक मंडळ अधिवेशनातल्या निवडणुकीतून ठरतं आणि अधिवेशनात निम्मे प्रतिनिधी पाळक, निम्मे साधे सभासद. म्हणजे ज्याच्याकडे अधिवेशनाचं बहुमत, त्याच्याकडे सेमिनरीच्या किल्ल्या.

वाद पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, होता. आदाम आणि हव्वा, माशाच्या पोटातला योना, हे घडलेला इतिहास म्हणूनच वाचायचं का? बायबलच्या पुस्तकांची घडण ऐतिहासिक चिकित्सेच्या पद्धतीनं तपासता येते का? बहुसंख्य प्राध्यापकांचं म्हणणं, येते, आणि त्यानं सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताद्वारे तारणाच्या संदेशाला, धक्का लागत नाही. 1969 मध्ये सिनॉडचे अध्यक्ष झालेले जे. ए. ओ. प्रॉइस यांचं म्हणणं उलट: शास्त्राचा पाया हलला, तर त्यावर उभी असलेली सुवार्ता कशी टिकेल? दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत होती. दोघांच्याही हातात 1530चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार, म्हणजे ल्यूथरनांच्या श्रद्धेचा मूळ जाहीरनामा, होता. त्याचं सातवं कलम म्हणतं की चर्चच्या खऱ्या ऐक्यासाठी सुवार्तेची शिकवण आणि संस्कारविधी यांबाबत एकमत असलं की पुरे. त्या 'पुरे'मध्ये नेमकं काय काय बसतं, यावर सगळं अडलं.

1970 मध्ये चौकशी समिती बसली, प्राध्यापकांच्या मुलाखती झाल्या. 1972 मध्ये प्रॉइस यांनी शास्त्राविषयीचं निवेदन काढलं. जुलै 1973 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनानं ते स्वीकारलं आणि 574 विरुद्ध 451 मतांनी प्राध्यापकांच्या बहुसंख्य गटाची शिकवण दोषी ठरवली. ठपके तीन: शास्त्राच्या अधिकाराला सुरुंग, सगळं सुवार्तेपुरतं आकसून टाकणं आणि विश्वासणाऱ्याच्या जीवनात नियमशास्त्राला असलेलं स्थान नाकारणं. त्याच अधिवेशनात नियामक मंडळाचं बहुमत पालटलं.

इथे एक घोडचूक झाली. ठरावात गटावर आरोप होता, गटातल्या एकेका माणसाचं नाव नव्हतं. जानेवारी 1974 मध्ये सेमिनरीचे अध्यक्ष जॉन टीटजेन निलंबित झाले. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांनी मतदान करून वर्ग थांबवले. त्यांनी मंडळाला सरळ विचारलं: खोटी शिकवण देणारे कोण, ती शिकवण कोणती, नावानिशी सांगा. प्राध्यापकांनीही ठरवलं की अध्यक्षांवरचा आरोप तोच आपल्यावरचा, तेव्हा आपणही निलंबितच. फेब्रुवारीत मंडळानं मुदत घातली: वर्गावर या, नाहीतर नोकरी संपली. अनेकांची घरं सेमिनरीच्या मालकीची होती, त्यामुळे नोकरीबरोबर छप्परही जाणार होतं.

निर्वासित सेमिनरीचं नाव पडलं 'सेमिनेक्स'. पण सिनॉड प्रत्यक्ष फुटला तो दोन वर्षांनी, आणि तोही एका कागदावर. पदवीधराला पाळक व्हायचं तर सिनॉडच्या सेमिनरीच्या प्राध्यापकवर्गाचं प्रमाणपत्र लागतं, मग मंडळीचं पाचारण येतं, मग जिल्हाध्यक्षाच्या (सिनॉडच्या प्रादेशिक विभागाच्या प्रमुखाच्या) संमतीनं दीक्षा. सेमिनेक्सच्या पदवीधरांकडे हे प्रमाणपत्र नव्हतं. मंडळ्या त्यांना बोलावत होत्या. काही जिल्हाध्यक्षांनी त्यांच्या दीक्षेला परवानगी दिली आणि एप्रिल 1976 मध्ये प्रॉइस यांनी अशा चार जिल्हाध्यक्षांना पदावरून दूर केलं. योना आणि मासा यांच्यावरून घरोघर हुज्जत चालू शकते, त्यानं मंडळी फुटत नाही. आपल्या वेदीपाशी कुणी उभं राहायचं, हा प्रश्न आला की प्रत्येक मंडळीला एक बाजू घ्यावीच लागते.

डिसेंबर 1976 मध्ये शिकागोत नवी संघटना झाली, असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चेस. बाहेर पडलेल्या मंडळ्या जेमतेम अडीचशे, माणसं लाखभर. मैदानातले क्रूस बघून कुणी केवढी मोठी फूट कल्पिली असती! पण मंडळी सोडायची म्हणजे सगळ्या सभासदांचं मत घ्यायचं, आजोबांनी बांधलेल्या इमारतीत भावाभावांनी समोरासमोर हात वर करायचे. प्राध्यापकांवर जीव असलेल्या कितीतरी मंडळ्या त्या एका बैठकीच्या भीतीनं जागच्या जागी राहिल्या.

आणि ही लहानशी संघटना एकीच्या कामाला लागली. स्वतःचा संसार थाटण्याऐवजी तिनं 1978 मध्ये इतर ल्यूथरन संघटनांना विलीनीकरणाची हाक दिली. अमेरिकन ल्यूथरन चर्च आणि ल्यूथरन चर्च इन अमेरिका या दोन बड्या संघटना तिच्याबरोबर एकत्र आल्या. 1 जानेवारी 1988 पासून इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिकाचा कारभार सुरू झाला, सभासद 50 लाखांहून अधिक. सेमिनेक्सचे बरेचसे प्राध्यापक 1983 मध्येच शिकागोच्या सेमिनरीत गेले होते.

मिसुरी सिनॉड या विलीनीकरणात आला नाही. कॉन्कॉर्डिया सेमिनरी त्याच आवारात आजही पाळक घडवते. दोन्ही चर्चमध्ये तेच 1530चं सातवं कलम शिकवलं जातं. प्रभुभोजनाची वेदी मात्र सामायिक नाही, आणि एका चर्चचा पाळक दुसऱ्याच्या व्यासपीठावरून उपदेश करत नाही.