बाटलीच्या दुधावर वाढलेला वळू

नमस्कार मंडळी. आज अंगावर येणाऱ्या जनावरांबद्दल बोलायचंय. गोठ्यात दाव्याला बांधलेल्या मारक्या गाईचं नाही, तर रँचवर, मोकळ्या कुरणात शे-दोनशे गुरं एकत्र सोडलेली असतात ना, तिथली गोष्ट.

आधी एक प्रश्न. सगळ्यात जास्त कोणाला भ्यायचं? बहुतेक जण म्हणतील, लांबून बघूनच जो बुजतो, फुरफुरतो, त्या रानटी जनावराला. मला नाही पटत, कारण त्याला तुम्ही नकोच असता, वाट मिळाली की ते निघून जातं. खरा धोका तो वळू, ज्याला तुम्ही लहानपणी बाटलीने दूध पाजलं. आई मेलेला गोऱ्हा असतो, एकटाच वाढलेला, सगळ्यांचा लाडका, पोरं त्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळतात आणि मोठी माणसं कौतुकाने बघत बसतात. दोन-तीन वर्षांनी तोच खेळ तो ७००-८०० किलोच्या अंगाने खेळायला येतो, आणि त्याच्या लेखी तुम्ही कळपातला दुसरा वळू असता, ज्याला एकदा जागा दाखवायची राहिलीये. बरं, माणसाची भीती तर त्याला कधी लागलेलीच नाही.

टेंपल ग्रँडिन हे नाव काहींनी ऐकलं असेल, अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या बाई, गुरांच्या वागण्यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. त्या पण हेच सांगतात, की पोरका गोऱ्हा दुसऱ्या गाईला लावा, बाकीच्या वासरांत वाढू द्या, म्हणजे आपण कोण हे त्याला कळतं, आणि ते जमत नसेल तर लहानपणीच खच्ची करा. कपाळाशी खेळणं तर आजपासून बंद, पोरांना रागावून सांगा.

आता वळू चिडलाय हे ओळखायचं कसं? इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं तो सरळ समोरून धावत येईल. तो आधी आडवा उभा राहतो. मान खाली, पाठ कमानीसारखी, डोळे बाहेर आल्यासारखे, आणि आपल्याला वाटतं दुसरीकडेच बघतोय बिचारा. अहो तो तुम्हाला स्वतःचं अंग दाखवतोय, बघ मी केवढा आहे. मग डुरकतो, खुराने माती उकरून पाठीवर उडवतो, शिंगं जमिनीत घुसवतो. एवढं झालं की तुमची तिथली वेळ संपली असं समजा. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही, त्याच्यावर नजर ठेवून तिरकं तिरकं मागे सरकत कुंपण गाठायचं. मोकळ्यात तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो, शंकाच नको. आलाच अंगावर तर टोपी, जाकीट काय असेल ते त्याच्या तोंडासमोर फेका, तेवढाच एक क्षण मिळतो, आणि खाली पडलात तर उठत बसू नका, लोळत सरपटत कुंपणाखालून बाहेर पडा.

लाल कपड्याचं म्हणाल तर गुरांना लाल रंग धड ओळखूच येत नाही, त्यांना खटकतं ते फडफडणं.

भ्यालेल्या जनावराचं गणित मात्र उलटं आहे. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं, तुम्ही आत पाय टाकला की ते हलतं, बाहेर आलात की थांबतं. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर पुढे चालतं, खांद्याच्या पुढे गेलात तर मागे सरतं. अगदी शेपटीमागे त्याला काही दिसत नाही, म्हणून तिथून गुपचूप गेलात की लाथ ठरलेली. आणि आपण करतो काय, काठी आपटतो, शिट्ट्या मारतो, चौघं चौघं ओरडतो! एकदा बिथरलेलं जनावर शांत व्हायला २०-३० मिनिटं लागतात, तेवढा वेळ बसून घ्या सरळ. मी हे न ऐकता एकदा एकटी कालवड कोपऱ्यात दाबायला गेलो होतो, तिने फाटकासकट मला आडवं केलं, चूक शंभर टक्के माझी. एकटं पडलेलं जनावर सगळ्यात जास्त घाबरतं, त्याच्यासोबत दोन-तीन शांत गुरं आत घ्यायची असतात.

नवीन व्यालेली गाय हा तिसरा प्रकार. एरवी कितीही गरीब असली तरी पहिले काही दिवस तिचा भरवसा धरू नका, तिच्या आणि वासराच्या मध्ये कधीच जाऊ नका, वासराच्या कानाला ओळखीचा टॅग मारायचा असेल तर मध्ये गाडी नाहीतर फाटक ठेवा. कुत्रा तर नेऊच नका. ती कुत्र्यामागे लागते, कुत्रा जीव वाचवायला तुमच्याकडे पळत येतो, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नेलाच असेल तर पट्टा सोडून द्या, तो पळेल त्याचा तो.

आणि एक गोष्ट आवर्जून. वर्षानुवर्षं शांत असलेली गाय अचानक मारकी झाली तर तिला बडवू नका, डॉक्टर बोलवा. कुठेतरी दुखत असेल, मॅग्नेशियम कमी पडलं असेल, बीजांडकोशावर गाठ असेल तर गाय वळूसारखी डुरकायला पण लागते. लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, असं दिसलं तर तोंडात हात घालायचा नाही म्हणजे नाही, रेबीज असू शकतो. आधीच हात घातला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्वभाव बऱ्यापैकी रक्तात उतरतो, त्यामुळे माणसावर एकदा धावलेला वळू पैदाशीला ठेवू नये या मताचा मी आहे, मग तो दिसायला कितीही देखणा असो. विकायचा तर समोरच्याला खरं सांगून विका.

तोवर एक काम करा, आवाराच्या कुंपणाला जागोजागी ३५-४० सेंटीमीटरची फट ठेवा. माणूस अंग तिरकं करून निसटतो, वळूचे खांदे अडकतात. माझ्यासारखं पोट सुटलं असेल तर आधी एकदा निघून बघा.