शेवटची पाळी कधी आली होती?

नमस्कार, श्रोतेहो.

पाळी जाण्याच्या काळातल्या गरम वाफा, मध्यरात्री घामाने भिजून येणारी जाग, कारण नसताना होणारी चिडचिड, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. जिने भोगलंय तिला ठाऊक आहे. ज्याच्या घरात कुणी भोगलंय त्यालाही ठाऊक असायला हवं, पण ते जाऊ दे. हार्मोन्स घ्यावीत की घेऊ नयेत, हा वादही आज बाजूला ठेवू. तपासण्या झाल्या, डॉक्टरांशी बोलणं झालं, घ्यायचं ठरलं, असं धरून चालू. प्रश्न पुढचा आहे. घ्यायची कशी? चक्राने की सलग?

चक्राने म्हणजे इस्ट्रोजेन रोज, आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले फक्त १२ ते १४ दिवस. हे दिवस सरत आले की पाळीसारखा रक्तस्राव होतो. सलग म्हणजे दोन्ही हार्मोन्स रोज, बिनखंड, आणि शरीराची घडी बसली की रक्तस्राव बंद. लक्षात राहावं म्हणून पुन्हा सांगते: चक्राने घेतली तर महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव, सलग घेतली तर नाही.

हे ऐकलं की समोरची बाई लगेच म्हणते, "मग मला सलगच द्या." तिचं काही चुकत नाही. इतकी वर्षं पाळी सांभाळल्यावर ती आणखी कुणाला हवी असते? पण ही निवड आवडीनिवडीवर होत नाही. ती एका तारखेवर होते. शेवटची पाळी आली ती तारीख. आणि गंमत अशी की घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस, विम्याचा हप्ता, नवऱ्याच्या रक्ततपासणीचा दिवस ज्या बाईला तोंडपाठ असतो, तिला ही एक तारीख विचारली की ती छताकडे बघते. "झाले असतील सात-आठ महिने... की जास्त?" माझं मत विचाराल तर मोबाइलमधल्या त्या ॲपपेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने मारलेली फुली बरी. फोन दर दोन वर्षांनी बदलतात लोक, आणि फुलीला पासवर्ड लागत नाही.

बरं, मुळात प्रोजेस्टेरॉन हवंच कशाला? वाफा तर इस्ट्रोजेननेच थांबतात. खरं आहे, आणि म्हणूनच कितीतरी वर्षं एकटं इस्ट्रोजेन दिलं जात होतं. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ साली बाजारात आल्या आणि पुढे तारुण्य टिकवण्याच्या नावाखाली खपल्या. मग १९७५ च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. दोन्ही एकच सांगत होते: एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवरच घातला नाही तर काय होतं, तेही पुढे १९९०च्या दशकातल्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं. तीन वर्षं एकटं इस्ट्रोजेन घेतलेल्या, गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्क्यांच्या अस्तराची अवाजवी वाढ झाली होती. तेव्हा पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन हवंच. पिशवी काढलेली असेल तर बहुतेकींचं एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं आणि आजचा प्रश्नच उरत नाही.

आता दोन बहिणींची गोष्ट. माझे विद्यार्थी म्हणतात, मॅडम ही गोष्ट दर वर्षी सांगतात. सांगते. पुढच्या वर्षीही सांगणार आहे.

थोरली तेव्हा ५६ वर्षांची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, सलग पद्धतीच्या गोळ्या चालू, सगळं सुखात. धाकटी ४९ ची. तिची पाळी अजून पुरती गेलेली नव्हती. कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. म्हणून तिच्या गोळ्या चक्राच्या. दोघी माझ्याच पेशंट.

एका सकाळी थोरली दारात उभी. चेहरा पांढराफटक. तिच्या मागे धाकटी, पर्स पोटाशी घट्ट धरून.

"डॉक्टर, मला पाळी आली."

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर अंगावर जायला लागलं तर ते कुणी हसण्यावारी न्यायचं नसतं. तपासायचंच, थेंबभर असलं तरी. परत सांगते, थेंबभर असलं तरी. मी तिला आत घेतलं, तपासलं, सोनोग्राफी केली. अस्तर पातळ, पिशवीत गाठ नाही, पिशवीच्या तोंडाशी काही नाही. थोरलीने मात्र तोवर मनातल्या मनात मृत्युपत्र करून टाकलं होतं. "लॉकरची किल्ली हिच्याकडे दिलीय," ती टेबलावरून उतरता उतरता म्हणाली.

"गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"एक दिवस चुकलेली नाही."

"त्याच गोळ्या?"

"त्याच म्हणजे..." बाई जरा थांबल्या. "हार्मोनच्याच."

आयुष्यभर मुलांची उडवाउडवीची उत्तरं ऐकलेल्या बाईंनी स्वतः तसं उत्तर दिल्यावर ते लपतं थोडंच? मी विचारलं, "रंग कोणता?"

"पांढरा."

"सगळ्या पांढऱ्या?"

"पहिल्या दोन ओळी पांढऱ्या. मग करड्या."

श्रोतेहो, सलग पद्धतीच्या पाकिटातल्या सगळ्या गोळ्या एकाच रंगाच्या असतात, कारण रोज तेच आणि तेवढंच घ्यायचं असतं. हिच्या पाकिटात दोन रंग होते. दोन रंग म्हणजे चक्र: आधीच्या १४ गोळ्यांत नुसतं इस्ट्रोजेन, नंतरच्या १४ मध्ये दोन्ही. मी धाकटीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

"ताई, सांग ना आता," ती शेवटी म्हणाली.

"तूच सांग. सहल तुझी होती."

झालं होतं असं. धाकटीला मैत्रिणींबरोबर दहा दिवस फिरायला जायचं होतं आणि त्या दिवसांत पाळीची कटकट नको होती. ताईची ती 'पाळी न येणारी गोळी' तिच्या डोक्यात बसलेली. ताईने कपाट उघडून नवंकोरं पाकीट काढून दिलं. इथवर मी समजू शकते. पण ताईने पुढे काय केलं? धाकटीचं पाकीट वाया कशाला घालवायचं, म्हणून ते स्वतः सुरू केलं!

मी विचारलं, "अहो, पण दोन्ही पाकिटं वेगळी आहेत हे दिसत नव्हतं का?"

त्यावर बाईंनी मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं ऐकवलं. "यातही २८, त्यातही २८. यात इस्ट्रोजेन आहे, त्यातही आहे. यात प्रोजेस्टेरॉन आहे, त्यातही आहे. दोन्ही बाजू समान."

"आणि क्रम?"

"बेरजेत क्रमाला महत्त्व नसतं, डॉक्टर."

बेरजेत नसेल. गर्भाशयात असतं. पहिले १४ दिवस नुसत्या इस्ट्रोजेनने तिचं झोपलेलं अस्तर जागं झालं, थोडं वाढलं. पुढचे १४ दिवस प्रोजेस्टेरॉनने त्याला धरून ठेवलं. पाकीट संपलं, नवं उघडलं, त्यात पुन्हा नुसतं इस्ट्रोजेन. प्रोजेस्टेरॉनचा हात सुटला आणि अस्तर गळून पडलं. पाकिटाने चोख काम केलं होतं, फक्त चुकीच्या बहिणीवर.

"म्हणजे हिने टाळलेली पाळी माझ्या वाट्याला आली?" थोरली कडाडली.

"टळली कुठे, ताई," धाकटी पहिल्यांदाच आमच्याकडे वळून म्हणाली. "तिसऱ्या दिवसापासून जे डाग पडायला लागले ते परत येईपर्यंत. रोज. थोडं थोडं. पाळी परवडली."

तेही बरोबरच होतं. तिची बीजकोशं अजून लहर आली की काम करत होती. ती स्वतःचं इस्ट्रोजेन कधी सोडणार, किती सोडणार, याचा नेम नाही. अशा शरीरावर सलग पद्धत बसवायला गेलं की अस्तर अवेळी, तुकड्या-तुकड्याने सुटतं. पाळी जाऊन वर्षही झालेलं नसताना सलग गोळ्या देत नाहीत, त्याचं कारण हेच. गोळी वाईट नसते, वेळ आलेली नसते.

दोघींना आपापल्या पाकिटावर परत पाठवलं. थोरलीचं बंद झालं. धाकटीचं पुढच्या चक्रात ताळ्यावर आलं. दोघींच्या पाकिटांवर मी जाड मार्करने नावं लिहून दिली. ज्या वयात जवळचं दिसत नाही नेमक्या त्या वयाच्या औषधांची माहितीपत्रकं इतक्या बारीक अक्षरांत का छापतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भरभर.

शेवटच्या पाळीला १२ महिने झाले नसतील तर चक्राने. १२ महिने उलटले असतील तर सलग चालतं. परत एकदा: १२ महिन्यांच्या आत चक्राने, नंतर सलग. चक्राने घेणाऱ्यांना एक अडचण येते. दर महिन्याचा रक्तस्राव गोळ्यांमुळे होत असतो, त्यामुळे स्वतःची पाळी खरंच गेली का हे कळत नाही. तिथे वय बघायचं. साधारण ५४ व्या वर्षापर्यंत बहुतेकींची पाळी गेलेली असते, तेव्हा सलगवर यायचं. चक्राने पाच वर्षांपेक्षा जास्त काळ घेत राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणूनही तिथे मुक्काम ठोकायचा नाही. आपली धाकटी ५३ व्या वर्षी सलगवर आली. रीतसर, चिठ्ठी घेऊन.

सलग सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. घाबरून गोळ्या बंद करू नका. सहा महिन्यांनंतरही चालूच राहिलं, किंवा सगळं शांत झाल्यावर पुन्हा सुरू झालं, तर मात्र दाखवायला या.

आता स्तनांबद्दल. हे न सांगता सलग गोळ्या लिहून देणं मला पटत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने जगभरातले अभ्यास एकत्र करून एक हिशेब छापला, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांचा. ५० व्या वर्षी सुरू करून पाच वर्षं हार्मोन्स घेतली, तर ५० ते ६९ या वयात स्तनाच्या कर्करोगाची एक जादा केस किती जणींमागे? सलग घेणाऱ्यांत ५० जणींमागे एक. चक्राने घेणाऱ्यांत ७० जणींमागे एक. एकट्या इस्ट्रोजेनवर २०० जणींमागे एक. म्हणजे गर्भाशयाला सलग पद्धत जास्त सांभाळते, स्तनांना चक्राची किंचित कमी जड जाते. दोन्ही तराजू एकदम खाली येत नाहीत. कुणाच्या घरात कुठला आजार आहे, कुणाला काय सोसतं, हे समोर बसून बोलायचं. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे किंवा रक्ताची गुठळी झाली होती, त्यांचा विचार तर सगळाच वेगळा.

आणि ज्यांची पाळी अजून गेलेली नाही पण महिन्याचा रक्तस्राव नकोसा झालाय, त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे. प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवायची आणि इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून घ्यायचं. अस्तर आतूनच आवरलं जातं, रक्तस्राव बहुतेकींचा खूप कमी होतो किंवा थांबतो, आणि गर्भनिरोधही होतो. नेहमीच्या हार्मोन गोळ्यांनी, चक्राच्या असोत की सलग, गर्भ राहायचा टळत नाही, हे पन्नाशीच्या आतबाहेरच्या जोडप्यांनी नीट ऐकून ठेवा. पाळी लांबली म्हणून निश्चिंत झालेली जोडपी माझ्याकडे येतात, आणि त्यांचा चेहरा थोरलीपेक्षा पांढरा असतो.

दवाखान्यात येताना पाकीट बरोबर आणा, रिकामं असलं तरी चालेल. हाडांचा विषय राहिला, तो पुढच्या वेळी घेऊ. नमस्कार.