ग्लिसरीनचं बिल

अध्यक्ष महोदय, संघटनेचे पदाधिकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सासूबाई, आणि अर्धं शटर ओढून, पोराला गल्ल्यावर बसवून आलेले माझे व्यवसायबंधू,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘औषधांतील भेसळ आणि आपली जबाबदारी’. त्यावर मी बोलणार आहेच. पण हे व्याख्यान अण्णांच्या स्मृतीचं आहे आणि वक्ता त्यांचा जावई आहे. तेव्हा आधी अण्णा, मग भेसळ. अध्यक्षांनी पाऊण तास दिलाय. तेवढ्यात दोन्ही बसेल असं मला वाटतं. आमच्या सौ.ना वाटत नाही.

औषध निरीक्षकाने केमिस्टला मुलगी देणं ही आपल्या धंद्यात साधी गोष्ट नाही. स्थळ आलं तेव्हा अण्णांनी माझी पत्रिका बघितलीच नाही. लायसन्स मागितलं. फॉर्म २० आणि फॉर्म २१, दोन्ही. मुदत कधी संपते ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. दुकान आपल्या जिल्ह्यात येत नाही, याची दोनदा खात्री केली. त्यानंतर कांदेपोहे आले. पुढे लग्नाची तारीख काढताना भटजींच्या पंचांगाशेजारी अण्णांची कोर्टाच्या तारखांची डायरी उघडी होती, आणि दोन मुहूर्त डायरीने नाकारले.

आमच्या दुकानात ते कायम सासरे म्हणूनच आले. पण रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली तरी पैसे मोजून द्यायचे आणि बिल मागायचे. मी म्हणायचो, “अण्णा, घरच्या माणसाला कसलं बिल?” ते म्हणायचे, “जावईबापू, बिल नसेल तर ही पट्टी कुठून आली ते उद्या कोण सांगणार? तुम्ही?” बिलावर बॅच नंबर नसला तर कागद परत माझ्या हातात. गिऱ्हाईकांसमोर!

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना अण्णा साहेब म्हणून आठवत असतील. दुकानात शिरले की गल्ल्याकडे बघायचे नाहीत, सरळ फ्रिज उघडायचे. दोन ते आठ अंशांत ठेवायची इन्सुलिन नि लशी जिथे असायला हव्यात, तिथे एका दुकानात पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडाचे डबे सापडले. अण्णांनी फॉर्म ३५च्या तपासणी वहीत शेरा लिहिला, ‘शीतकपाटात खाद्यपदार्थ आढळला, तापमान योग्य होते.’ दुकानदाराचं नाव मी घेत नाही. ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसताहेत.

सगळेच साहेब अण्णांसारखे नव्हते, हे या सभागृहात मी सांगायला नको. चहा घेणारे साहेब आले की आपल्याला पुढचं ठाऊक असायचं. चहा नको म्हणणारा आला की घाम फुटायचा. अण्णा पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली आणि आईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, दिलेला डबा घेऊन फिरायचे. एसटी स्टँडच्या बाकावर बसून जेवायचे. मला हा कडकपणा जरा जास्तच वाटायचा, आजही वाटतो. घोटभर चहाने माणूस विकला जात नाही. पण तो त्यांचा स्वभाव.

आता त्यांच्या संसाराबद्दल. अण्णांची बदली दर तीन-चार वर्षांनी. सोलापूर, लातूर, कोल्हापूर, नगर. माणूस बदलून जातो, पण त्याने काढलेला नमुना आणि लावलेला खटला मागेच राहतो. खटला उभा राहिला की पहिला साक्षीदार तोच. त्यामुळे अण्णांच्या मुलांनी महाराष्ट्र पाहिला तो समन्सवर. पंढरपूरच्या कोर्टात तारीख असली की विठ्ठल. तुळजापूरला असली की भवानी. कोल्हापूरला असली की अंबाबाई, शिवाय येताना चपला. दहा वाजता सगळं कुटुंब कोर्टाच्या आवारात, निंबाखाली. आईंचं तर ठरलेलं गणित होतं. आरोपीचा वकील गैरहजर राहिला की अकरालाच दिवस मोकळा. एकदा देवीला काय मागितलंस म्हणून लेकीनं विचारलं, तर म्हणाल्या, “पुढची तारीख श्रावणात पडू दे.” आई, हे खरं आहे ना? बघा, मान हलवताहेत.

साक्षीदाराचा भत्ता मिळायचा एका माणसाचा. बाकी चौघांचं तिकीट घरच्या पैशातून. अण्णा स्वतः देवळात क्वचितच जायचे. बाहेर सगळ्यांच्या चपला राखत फाईल वाचायचे, कारण उलटतपासणीत दहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल विचारणार: लाख कुठल्या रंगाची होती, दोरा किती वेढ्यांचा होता, सही आधी की मोहर आधी. माझ्या सौ.ची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. तिच्या शाळेचं एकही गॅदरिंग अण्णांनी पाहिलं नाही. गॅदरिंग डिसेंबरात, आणि डिसेंबरात कोर्टाला नाताळची सुट्टी लागायच्या आधी तारखांची गर्दी. हे कारण तिने तेव्हाही मान्य केलं नव्हतं आणि आज या व्यासपीठावरूनही करणार नाही.

निवृत्तीनंतरही समन्स थांबले नाहीत. नव्या सोसायटीत राहायला गेले, आणि महिना-दोन महिन्यांनी खाकीतला हवालदार दारात. शेजाऱ्यांची खात्री पटली की या सज्जन दिसणाऱ्या गृहस्थांवर काहीतरी भयंकर खटला चालू आहे. सोसायटीच्या खजिनदारपदासाठी अण्णांचं नाव सुचवलं गेलं तेव्हा एकाने दबक्या आवाजात हरकत घेतली म्हणतात.

आणि एवढं करून त्या खटल्यांचं व्हायचं काय? इथे माझी जुनी पोटदुखी सुरू होते. ऐकून घ्या. तुम्हालाही ती ठाऊक आहे, पण काउंटरच्या अलीकडून.

नमुना कसा निघतो? साहेब वाजवी किंमत देतात, आपण पावती देतो. नमुना घेतल्याचा फॉर्म १७ भरतात. किरकोळ दुकानातला नमुना असेल तर त्याचे चार भाग. एक आपल्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक कोर्टासाठी, आणि एक, आपण ज्याच्याकडून माल घेतला त्याचं नाव सांगितलं असेल तर, त्याला किंवा कंपनीला. प्रत्येक भागावर त्यांची मोहर, आणि आपली इच्छा असेल तर आपलीही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं हे २३ वं कलम आहे, आणि ते लिहिणाऱ्याला दंडवत घालावा इतकं ते नीट आहे. निरीक्षकाने बाटली बदलली असं दुकानदार म्हणू शकत नाही, दुकानदाराने बदलली असं निरीक्षक म्हणू शकत नाही. अण्णा हे चार भाग करताना बघण्यासारखे असायचे. लाख वितळवायला स्वतःची मेणबत्ती, स्वतःची काडेपेटी. दुकानदाराची काडेपेटीसुद्धा नको!

अशाच एका दुपारी अण्णांनी प्रतिजैविकाच्या कॅप्सूलचा नमुना काढला. विश्लेषकाचा फॉर्म १३ मधला अहवाल आला: अप्रमाणित. कॅप्सूलमध्ये औषध होतं, पण लेबलवर छापलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. आता विचार करा, न्यूमोनियाच्या माणसाला निम्मं औषध. दुकानदार बिचारा स्वच्छ होता, त्याने बिल दाखवलं. बिलावरून ठोक विक्रेता सापडला, त्याच्या बिलावरून कंपनी सापडली. कंपनीने अहवाल मान्य नाही म्हटलं. तो त्यांचा हक्क आहे. अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत आव्हान द्यायचं, मग कोर्ट आपल्याकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेला पाठवतं आणि तिचा अहवाल अंतिम. उत्तम. पण त्याआधी फाईल मंजुरीसाठी फिरली, खटला दाखल व्हायला वेळ गेला, समन्स बजावले जाईनात, कंपनीच्या संचालकांचे पत्ते बदलले. फेरतपासणीचा अर्ज सुनावणीला आला तेव्हा कोर्टातल्या त्या सीलबंद कॅप्सूलची मुदत संपून गेली होती. वकील उभे राहिले आणि म्हणाले, कालबाह्य औषध तपासून काय उपयोग, माझ्या अशिलाचा हक्क हिरावला गेला. आरोपी सुटले.

वकील चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही. मी व्यापारी आहे, उद्या तो हक्क मलाही लागेल. अनेक न्यायालयांनी याच मुद्द्यावर खटले रद्द केले आहेत. पण मग औषधाची मुदत संपायच्या आत फेरतपासणी झालीच पाहिजे, असा दंडक घालायला कुणाचं काय जातं? चार भाग करायला इतकी अक्कल लावली आणि पाचवी गोष्ट विसरलो: औषध दोन वर्षांत मरतं, खटला दोन वर्षांत जन्मतो. अण्णांच्या डायरीत त्या दिवशी दोनच नोंदी आहेत. ‘आरोपी मुक्त. मुदतबाह्य.’ आणि खाली, ‘चपला, ३ जोड.’

…अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे सौ. बरोबर होत्या. आता भेसळीकडे पळतो.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं, म्हणजे जंतुसंसर्गावरच्या एका औषधाचं, गोड पातळ रूप बाजारात आलं. गोळी लहान मुलांना गिळवत नाही, म्हणून कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. रंग, वास, चव सगळं तपासलं. विषारी आहे का ते तपासलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्यांच्या औषध खात्याचे २३९ निरीक्षक आणि रसायनज्ञ, जवळपास सगळेच, बाटल्या शोधायला निघाले. विक्रीच्या नोंदी, प्रिस्क्रिप्शन, दुकानातल्या चिठ्ठ्या धरून. एक कुटुंब डोंगराळ भागात राहायला गेलं होतं. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला शोधायला मदत करता यावी म्हणून एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. तयार केलेल्या २४० गॅलनपैकी बहुतेक माल त्यांनी परत मिळवला. कंपनीवर गुन्हा लागला तो फक्त चुकीच्या लेबलचा, कारण विकण्याआधी सुरक्षितता तपासा असा कायदाच नव्हता. तो पुढच्या वर्षी झाला.

हेच विष आपल्याकडे पुन्हा पुन्हा आलंय. स्वस्त, बिनरंगी, दाटसर, चवीला गोड. सिरपमध्ये घालतात त्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉलच्या नावाखाली सहज खपतं, आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औद्योगिक ग्लिसरीन औषध म्हणून आत गेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, प्रशासन, राजकारण सगळ्यांची सालं काढली, आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. अण्णा तेव्हा जिल्ह्यात होते. बातमी आली त्या दिवसापासून त्यांनी दिसेल त्या ग्लिसरीनचं बिल मागायला सुरुवात केली. एका ठोक विक्रेत्याकडे ड्रम होता. ड्रमवर ‘आयपी’, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाचं, असं लिहिलेलं, बिलावर नुसतं ‘ग्लिसरीन’, आणि भाव आयपीपेक्षा बराच कमी. नमुना प्रयोगशाळेत पोहोचायच्या आत अण्णांनी ड्रमची विक्री थांबवली होती. शंका आली ती त्या कागदावरून.

त्यानंतर १९९८ ला गुरगाव, ३३ मुलं. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतलं रामनगर. २०२२ ला गांबिया, तिथे आपल्या देशातून गेलेली सिरप होती, सुमारे ७० मुलं. आणि २०२५ ला मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. त्यातली बरीच मुलं शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. कांचीपुरममध्ये बनलेल्या त्या खोकल्याच्या औषधात तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला हे विष ४८.६ टक्के सापडलं. चालू शकतं ते ०.१ टक्का.

कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासा, ही उत्पादकाच्या लायसन्सची अट आजची नाही. ती पाळली गेली का, हे मुलं दगावल्यावर बघितलं जातं. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा केला. मग छिंदवाड्याजवळच्या परासियातल्या मुलाच्या बाटलीला तो तेव्हाच का लावला नाही? माझं म्हणणं इतकंच आहे की ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांच्या ड्रमचा प्रवास कारखान्यापासून सिरपच्या बाटलीपर्यंत कागदावर सलग दिसला पाहिजे, आणि निरीक्षकांनी आधी तो कागद तपासला पाहिजे. आज राज्यात किती दुकानांमागे एक निरीक्षक आहे ते तुम्ही बघताच. प्रत्येक बाटली तो तपासू शकत नाही. बिलं ताडून बघू शकतो.

आणि आता काउंटरच्या आतलं. संगणक आल्यापासून आपण काय करतो? एकाच औषधाच्या तीन बॅच रॅकमध्ये, आणि पोरगं बिल करताना जी पहिली दिसेल ती दाबतं. गिऱ्हाईकाच्या नावाच्या जागी ‘कॅश’. उद्या एखादी बॅच परत बोलावली, तर ती कोणाच्या घरी गेली हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? हात वर करू नका, साहेब बसलेत.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, म्हणून शेवटचं वाक्य. लहान मुलांच्या प्रत्येक पातळ औषधाच्या बिलावर खरा बॅच नंबर आणि पालकांचा फोन नंबर घ्यायचाच, असा ठराव मी पुढच्या मासिक सभेत मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवाय. तिसऱ्या रांगेतल्या श्रीखंडवाल्यांनी अजून मान हलवलेली नाही.