उंबरठा काढायचा, पण पाण्याचं काय?

घरात व्हीलचेअर यावी म्हणून उंबरठा फोडायचा तर गवंड्याला फार वेळ लागत नाही. घरची मंडळी अडून बसतात ती पाण्यावरून, आणि सावंतवाडीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय तो त्यांना चूक म्हणणार नाही. पण पाऊस इंग्लंडातही पडतो. तिथं 1999 पासून नव्या घरांच्या मुख्य दारातून व्हीलचेअर आत जाईल अशी सोय नियमानंच मागितली जाते. दारात उंचवटा ठेवलाच तर 15 मिलिमीटरच्या आत. अपंगांना वावरता येईल अशा बांधकामासाठीच्या आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना 12 म्हणतात. त्या सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, पण घरी तेच माप धरायला हरकत काय?

तेव्हा पाणी दाराशी पोचूच द्यायचं नाही. दारावर चांगला पुढे आलेला छज्जा हवा, नाहीतर पत्रा. बाहेरची फरशी अंगणाकडे उतरती, मीटरला दोन सेंटिमीटर. डोळ्यांना जाणवतही नाही. आणि चौकटीला लागून, दाराच्या पूर्ण रुंदीचा अरुंद पन्हळ, वर स्टीलची जाळी. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या घ्या, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात रुततात. काठीचं टोकही. पन्हळातलं पाणी पुढे कुठे जाणार ते आधी ठरवा. झकपक जाळी बसवलेली असते आणि खाली पाइपच नसतो, असंही पाहिलंय!

जुन्या चौकटीत उंबऱ्याचं लाकूड दोन्ही उभ्या बाजूंना धरून असतं. ते कापण्याआधी या बाजू भिंतीत होल्डफास्टनं, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी, पक्क्या आहेत ना, हे सुताराला बघायला लावा. दाराखाली जी फट पडेल तिथं लाकूड जोडून रबराची पट्टी लावा; विंचू-उंदरांनाही तेवढाच अटकाव.

बाहेर पायरी असेल तर उताराची लांबी तिच्या उंचीच्या बारा पट. सहा इंचांना सहा फूट. जागा नाही म्हणून तीन फुटांत उरकलेल्या उतारावर खुर्ची ढकलणाराच आधी घसरतो. वर दारासमोर पाच फूट सपाट जागा सोडा, कुलूप काढेपर्यंत खुर्ची मागे घरंगळायला नको.

आता आज्यांचा प्रश्न. उंबरठाच नाही, तर हळदीकुंकू कुठे वाहायचं, नव्या सुनेनं माप कुठे ओलांडायचं? हा थट्टेवारी नेण्यासारखा प्रश्न नाही. फरशीच्या पातळीत पितळेची पट्टी बसवून घ्या. लाकूड पावसानं फुगतं, पितळ बरं. पूजा तिची करा, रांगोळी तिच्या बाहेर काढा, मापही तिच्यावरच ठेवा.

आणि गवंड्याची मजुरी चुकती करण्याआधी दार लावून बाहेरून दोन बादल्या पाणी जोरात मारा. आत ओल आली तर तो म्हणेल, सिलिकॉन भरून देतो. ऐकू नका, उतार परत करायला लावा.