अर्ध्या मीटरचा ओटा

(दृश्य : सकाळची गल्ली. ओट्यावर बसून एक काकू मेथी निवडताहेत.)

हा ओटा नीट बघा. मेथीची जुडी, खाली काढलेल्या चपला, भिंतीला टेकवलेली सायकल. मागे दार सताड उघडं, आणि काकूंच्या पायांना वळसा घालून स्कूटर निघून गेली. घर कुठे संपलं आणि गल्ली कुठे सुरू झाली, सांगा बरं.

ही इंदूरची अरण्य वसाहत.

(दृश्य : मुलं-मुली टेप घेऊन ओटा मोजताहेत.)

डिझाइन शिकणारी ही मुलं इंदूरचीच. कुणाचं घर रामबागेत, कुणाचं सुदामा नगरात. खुर्ची, पोस्टर, अ‍ॅपचा स्क्रीन असं बरंच काही त्यांनी वर्गात बसून काढलं आहे. आज काम एकच : ओटा मोजायचा, आणि तो इथे का आहे ते विचारायचं.

उंची भरली १७ इंच. शेजारच्या ओट्याहून चांगली चार बोटं जास्त.

"काकू, ही उंची कोणी ठरवली?"

"आमच्या सासूबाईंनी. गुडघे धरायचे ना त्यांचे. पाय खाली सोडून बसता आलं पाहिजे म्हणाल्या. मिस्त्रीला विटांचा एक थर वाढवायला लावला."

मुलीने हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. मोजमाप त्याच्या खाली.

(दृश्य : वसाहतीचा नकाशा, त्यावरून फिरणारं बोट.)

सासूबाईंना उंची ठरवता आली, कारण नकाशात त्यांच्यासाठी जागा सोडलेली होती. नकाशा वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचा. दोशी जन्माने पुणेकर, १९२७ चे. घरात फर्निचरचा व्यवसाय. पुढे ते फ्रान्समधले नामवंत वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम शिकले आणि अहमदाबादला स्थिरावले. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाचं हे काम त्यांच्याकडे आलं. आग्रा-मुंबई रस्त्यालगत सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, आणि त्यातले बहुतेक कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी.

त्यांचं वास्तुशिल्प फाउंडेशन आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातली मंडळी, दोघांनी मिळून इंदूरच्या झोपडपट्ट्या पायी पालथ्या घातल्या. झाड कुठे आहे, त्याखाली कोण बसतं. दुकान घराच्या कोणत्या कोपऱ्यात निघतं. गल्ली कुठे आवळते, कुठे सैल पडते. पायरी किती पुढे येते. सरकारी कागदावर ज्या वस्तीपुढे फक्त 'अवैध' असा शेरा असतो, तिथे ही माणसं शिकायला म्हणून गेली होती. आमच्या मते अरण्यचं खरं काम तिथेच झालं.

(दृश्य : पाठीला पाठ लावलेली घरं, मागची बोळ, पाइप, चेंबरचं झाकण.)

तो काळही लक्षात घ्यायला हवा. १९८४ मध्ये मध्य प्रदेशाने शहरातल्या भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा, म्हणजे तिथे राहण्याचा कागदोपत्री हक्क, देणारा कायदा केला. गरिबांना तयार घरं बांधून देण्यापेक्षा जमीन, नळ आणि गटार द्यावं, घर लोक आपलं आपण उभं करतील, असं धोरण तेव्हा जागतिक बँकही पुढे रेटत होती. यामागे खर्च वाचवण्याचा हिशेब होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच हिशेबातून दोशींनी राहणाऱ्याला मोकळीक काढून दिली. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास, मोरी, नळ. संडास-मोऱ्या अशा पाठीला पाठ लावून बसवल्या, की पाइप कमी लागावा आणि एका चेंबरवर अनेक घरं जोडता यावीत. रस्त्याकडेचे मोठे प्लॉट चढ्या भावाने विकायचे आणि तो पैसा आतल्या लहान प्लॉटांकडे वळवायचा. कसं बांधता येईल हे दाखवायला ८० घरं नमुन्यादाखल उभी केली. नमुन्यादाखलच; तसंच बांधा अशी सक्ती कुणावर नव्हती.

(दृश्य : एकामागून एक ओटे. निळा, लाद्यांचा, तुळशीचा, शिलाई मशीनचा.)

आणि हा अर्धा मीटर. हातभराहून जरासा जास्त. घराच्या भिंतीपुढे एवढा पट्टा नकाशातच सोडला होता, पायरी, ओटा, वरून येणारा जिना, गॅलरी यांच्यासाठी. एरवी आपल्या शहरात रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिला घाव ओट्यावर पडतो. अतिक्रमण पाडण्याच्या कारवाईचा 'रिमूव्हल' हा शब्द इंदूरच्या मराठी घरांतही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जे बाहेर अतिक्रमण ठरतं, तेच इथे हक्काचं होतं, कागदावर काढलेलं. एका रेघेने बाई दारात बसायची की आत, हे ठरतं. रेघ कुणी ओढली आणि कुणाला विचारून, हे मुलांनी ड्रॉइंग बोर्डापुढे बसण्याआधी विचारावं, म्हणून हा वर्ग आज गल्लीत भरलाय.

(दृश्य : तीन मजली घरं, तारांचं जाळं, पार्क केलेल्या गाड्या.)

१९९५ मध्ये अरण्यला वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर, याच क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. मूळ वाटपातल्या अनेकांनी मधल्या काळात प्लॉट विकले, बऱ्या ऐपतीची कुटुंबं आली, मजले चढले.

(दृश्य : वेल्डिंगच्या ठिणग्या. ओट्याला लोखंडी जाळीचं दार बसतंय.)

काकूंच्या समोरचं घर. नवे मालक ओट्याला जाळी लावून घेताहेत. ओटा आत गेला. पायरी तेवढी बाहेर राहिली आहे, आणि तिच्यावर आत्ता आमची दोन मुलं वही उघडून बसली आहेत.