अवजारांच्या वाटण्या

(दृश्य : तळघरातली कार्यशाळा. लांब बाक, भिंतीला टेकवलेले बांबू. कॅमेरा चिठ्ठ्यांवरून सरकतो.)

या बाकावरच्या प्रत्येक अवजाराला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे आणि चिठ्ठीवर एकेका दोस्ताचं नाव आहे.

न्यूयॉर्क राज्यातला कॅट्सकिलचा डोंगराळ भाग. बीव्हरकिल, विलोवेमॉक अशा ट्राउट माशांच्या नद्यांचा हा मुलूख. इथे एक कारागीर अर्धं आयुष्य बांबूचे फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशीच्या गळाने मासे धरायच्या लवचिक काठ्या, बनवत आलेत. नाव पडद्यावर नको म्हणाले, म्हणून नाव नाही. पत्नीची तब्येत बरी नसते, मुलगी दूरच्या शहरात राहते. तिच्याजवळ दोन खोल्यांचं घर घेतलंय. आठवड्याभरात सामान हलणार. त्या दोन खोल्यांत हा बाक मावणार नाही.

(दृश्य : बांबू फोडताना. पात्यावर हातोडीचा ठोका, चीर धावत जाते.)

पण जाण्याआधी त्यांना एक रॉड बांधून दाखवायचाय. शिकवायला नव्हे, कारण जमलेल्या सगळ्या दोस्तांना तो बांधता येतो. कुठल्या अवजाराची काय खोड आहे, ते दाखवायला.

हा टोंकिन बांबू. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून येतो, साधारण बारा फुटी काठ्यांत. त्याच्याआधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतले कारागीर आपल्याकडून, कलकत्ता बंदरातून गेलेला बांबू वापरत. टोंकिन आला आणि आपला बांबू मागे पडला. कारण साधं होतं. टोंकिनची काठी सरळ, पेरं कमी उठावाची आणि सालीलगतचे तंतू दाट. रॉडची सगळी ताकद त्या तंतूंत असते. आतला गाभा मऊ, तो जवळजवळ सगळा सालपटं होऊन जमिनीवर पडतो. म्हणून इथला पहिला नियम असा की रंधा आतल्या दोन बाजूंवर चालवायचा. बाहेरच्या बाजूवरची फक्त चकाकी खरवडायची, तंतूंना हात लावायचा नाही.

(दृश्य : स्पिरिटच्या दिव्यावर पेर तापवणं. लगेच शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबणं.)

पेराशी बांबू वाकडा असतो. दिव्यावर धरला की मऊ पडतो, शेगड्यात दाबला की सरळ होतो. एक क्षण जास्त झाला तर काळा पडतो. इथे थर्मामीटर नाही. वास बदलला की काढायचा. हे कारागीर बोलून दाखवत नाहीत, त्यांचं नाक पुढे येतं तेवढं आपल्याला दिसतं.

(दृश्य : प्लेनिंग फॉर्म. जवळून. बराच वेळ.)

आणि हा प्लेनिंग फॉर्म. या कार्यशाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू, आणि खरं सांगायचं तर आमच्या छायाचित्रकाराचीही सगळ्यात लाडकी.

पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारीशेजारी. त्यांच्यामध्ये साठ अंशांची खाच, एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. दर पाच इंचांवर स्क्रूंची जोडी आहे. एक पट्ट्यांना दूर ढकलतो, दुसरा जवळ ओढतो. डायल गेजचं टोकदार बोट खाचेत टेकवून खोली मोजायची. रॉड त्या जागी जेवढा जाड हवा, त्याच्या निम्मी खोली ठेवायची, कारण रॉडमधल्या बांबूच्या दोन समोरासमोरच्या पट्ट्या मिळून ती जाडी होते. एक स्क्रू फिरवला की शेजारच्या जागेची खोलीही किंचित हलते. मग ती परत मोजायची. मग पहिली परत. एक आकारमान बसवण्यात एखादी संध्याकाळ सहज जाते.

एकदा बसलं, की बांबूची पट्टी खाचेत ठेवायची आणि रंधा मारायचा. पट्टी उलटायची, पुन्हा मारायचा. रंध्याचा तळ पोलादाला टेकला की पट्टी झाली. टोकाशी तिची जाडी इंचाच्या पस्तीस हजारांशांच्या आसपास उरते. अशा सहा पट्ट्या चिकटल्या की षटकोनी रॉड होतो. दोन तुकड्यांच्या रॉडला बहुधा दोन शेंडे देतात, एक मोडला तर असावा म्हणून. म्हणजे तीन भाग, अठरा पट्ट्या. आणि पेरं एकमेकांशेजारी येऊ नयेत अशी त्यांची मांडणी. नाहीतर कमजोर जागा एकाच ठिकाणी येते.

(दृश्य : सालपट उजेडात धरलेलं. पलीकडची खिडकी दिसते.)

ही कला एके काळी कुलुपात होती. 1840च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन इथे सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका बनवणारा बांबूच्या पट्ट्या चिकटवू लागला. पुढे मेन राज्यातल्या बँगरच्या हायरम लेनर्डने पट्ट्या कापायचं यंत्र बनवलं आणि सहा पट्ट्यांचे रॉड कारखान्यात निघू लागले. यंत्राची खोली परक्याला बंद. बापाने मुलाला शिकवलं तर शिकवलं, नाहीतर माहिती मालकाबरोबर गेली. 1950मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली. टोंकिन यायचा थांबला, फायबरग्लासने बाजार घेतला आणि बरेच कारखाने संपले. बंदी 1971ला उठली.

मग एक वेगळी गोष्ट घडली. एव्हरेट गॅरिसन हे पेशाने अभियंता. त्यांनी आकडेमोड करून रॉडची आकारमानं ठरवली होती आणि पोलादी फॉर्मवर हाताने रंधण्याची पद्धत बसवली होती. 1975मध्ये ते वारले. 1977मध्ये त्यांच्याकडून शिकलेले होगी कारमायकल यांनी ती पद्धत पायरीपायरीने पुस्तकात मांडली. कारखाना नको, वारसा नको. एक फॉर्म, एक रंधा आणि धीर. आज तळघरांतून आणि गॅरेजांतून जे रॉड बनतात, त्यांतल्या बहुतेकांची मुळं तिथे आहेत. आमच्या या कारागिरांचीही.

म्हणूनच पुढची गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

(दृश्य : चिठ्ठ्या पुन्हा. यावेळी नावं वाचता येत नाहीत, मुद्दाम धूसर.)

त्यांना सल्ले पुष्कळ मिळाले. संग्राहकांना विका, पूर्ण संचाला भाव चांगला येतो. लिव्हिंग्स्टन मॅनरला नदीकाठी फ्लाय फिशिंगचं संग्रहालय आहे, तिथे द्या. संग्रहालयाबद्दल त्यांना आदर आहे. पण काचेमागच्या रंध्याला गंज चढत नाही आणि धारही लागत नाही, असं आमचं मत. ते स्वतः एवढंच म्हणाले, “तिथे आधीच आहे एक.”

त्यांनी संच मोडला. फॉर्म एकाकडे. पट्ट्या भाजायची भट्टी दुसऱ्याकडे. दोरा गुंडाळायचं बाइंडर तिसरीकडे, वॉर्निशची उभी नळी आणि रॉड सावकाश वर ओढणारी तिची मोटर चौथ्याकडे, लेथ पाचव्याकडे. आता एकाच्याही घरात पूर्ण रॉड होणार नाही. फॉर्मवाल्याला भट्टीवाल्याचं दार वाजवावं लागेल, दोघांना बाइंडरवालीचं.

हा योगायोग नाही. चिठ्ठ्या लिहिताना ते हसत होते.

एका दोस्ताला सगळा संच हवा होता आणि तो पैसे मोजायला तयार होता. तो या शेवटच्या दिवशी आला नाही.

(दृश्य : बाइंडर. हँडल फिरतं, रॉड फिरत पुढे सरकतो.)

सरस लावलेल्या सहा पट्ट्या या यंत्रातून जातात. दोरीचा एक वेढा रॉडभोवती असतो आणि खाली वजन टांगलेलं, इथे शिशाचे तुकडे भरलेला पत्र्याचा डबा. हँडल फिरवलं की रॉड स्वतःभोवती फिरतो आणि दोरा आवळत जातो. मग रॉड उलट दिशेने परत घालायचा, नाहीतर पीळ राहतो. सरस सुकण्याआधी तो फरशीवर लाटून सरळ करायचा. यात घाई लागते. एरवी संथ असलेले हे गृहस्थ इथे ओरडतात.

बाइंडर घेणारी या सगळ्यांत वयाने लहान. तिला ते सांगतायत :

“डब्यातलं शिसं कमी करू नकोस. बारीक शेंडा असेल तर डबाच बदल. आणि हँडल थांबवलंस की दोरा हाताने धर, तो सुटतो. मी दर वेळी म्हणायचो दुरुस्त करतो.”

“मी करू?”

“कर. पण आधी एक रॉड बांध याच्यावर.”

(दृश्य : सामान गाड्यांत भरताना. मिठ्या. इथे निवेदन नाही, फक्त मूळ आवाज.)

(दृश्य : अंगण. करवत.)

बारा फुटी बांबू कुणाच्याच गाडीत मावले नाहीत. शेवटी अंगणातच मधोमध कापले. तुकडे कुठल्या पेराशी करायचे यावर पाच जणांत भांडण झालं आणि कारागिरांनी ते मिटवलं नाही.

फॉर्म घेणाऱ्याने तो उचलण्याआधी गेजने सगळ्या जागा तपासल्या. एक जागा थोडी चुकलेली निघाली. ती कुठली, हे आधीच त्याच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं होतं.

स्टॅनलीच्या साडेनऊ नंबरच्या रंध्याला मात्र चिठ्ठी नव्हती. तो वर्तमानपत्रात गुंडाळून प्रवासाच्या बॅगेत गेला. नव्या घरात न्हाणीघराचं दार चौकटीला घासतं, असं मुलीने कळवलंय.