परक्या पियानोवर आपला ठेका

(दृश्य: रिकामं सभागृह. रंगमंचावर एकच दिवा.)

उत्तर मॅसिडोनियाचे पियानोवादक सिमोन त्रपचेस्की यांची मैफल संध्याकाळी आहे. आत्ता दुपार. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि पियानोवर जो माणूस वाकलाय तो वादक नाही. तो सूर लावणारा कारागीर आहे. एक पट्टी दाबायची, कान द्यायचा, किल्लीनं खुंटी केसभर फिरवायची, पुन्हा तीच पट्टी. पट्ट्या ८८, पण तारा दोनशेहून जास्त. वरच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि तिन्हींनी एका तोंडानं बोललं पाहिजे. हे काम तासन् तास चालतं.

मैफलीचा हा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब, वजनाला पाचशे किलोच्या आसपास. सतारिया आपली सतार बरोबर नेतो, तबलजी आपली जोडी. पियानोवादकाच्या नशिबी ते नाही. आज या गावचा पियानो, चार दिवसांनी दुसऱ्या गावचा. हात टाकेपर्यंत त्याचा स्वभाव कळत नाही. दुपारच्या तास-दोन तासांत ओळख करून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच्याच भरवशावर लोकांसमोर बसायचं.

मग वादक घरून नेतो तरी काय?

(दृश्य: स्कोपिये. वार्दर नदी, जुना दगडी पूल.)

हे स्कोपिये, त्रपचेस्कींचं गाव, उत्तर मॅसिडोनियाची राजधानी. मदर तेरेसा १९१० साली याच शहरात जन्मल्या, म्हणून नाव आपल्या कानावरून गेलेलं असतं. जुन्या रेल्वे स्थानकावरचं हे घड्याळ पाहा. पाच वाजून सतरा मिनिटं. २६ जुलै १९६३च्या पहाटे भूकंप झाला, हजाराहून अधिक माणसं गेली आणि शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. घड्याळाचे काटे तेव्हापासून तिथेच आहेत. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६६ साली, याच शहरात संगीताचं उच्च शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. घरं अजून बांधून व्हायची होती, तरी गावाला पियानो शिकवायची जागा हवी होती. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

सिमोन त्रपचेस्की १९७९ साली जन्मले ते या नव्यानं उभ्या राहिलेल्या स्कोपियेत. लहानपणी हातात आलं ते अकॉर्डियन. लग्नकार्यात, नाचाच्या फेरात वाजणारं वाद्य. पियानो नंतर. शिक्षण झालं स्कोपियेतच, बोरिस रोमानोव या रशियन गुरूंकडे. २००० साली लंडनच्या जागतिक पियानो स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि दारं उघडली. बीबीसीनं नव्या पिढीतल्या कलावंतांमध्ये निवड केली, पहिली एकल ध्वनिमुद्रिका निघाली, मोठमोठे वाद्यवृंद बोलावू लागले. २०११ साली मॅसिडोनियानं ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब पहिल्यांदाच दिला, तो त्यांना.

(ध्वनी: नाचाची धून, ढोलासारखं तापान.)

आता जरा कान द्या. हा लेस्नोतो, मॅसिडोनियातला हातात हात धरून करायचा नाच. टाळी धरून पाहा. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. आपल्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. रूपक! नातं जोडायचा अट्टहास नाही, पण तीन-दोन-दोनची विभागणी अगदी तीच. तिकडच्या नाचांत अकरा मात्रांचेही फेर असतात, आणि शेतकऱ्याचं पोरही त्यात पाय चुकत नाही.

या सुरावटींवरच त्रपचेस्कींनी ‘माकेदोनिसिमो’ हा प्रकल्प उभा केला. संगीतकार पांदे शाहोव यांनी लोकधुना बांधून दिल्या आणि पियानोच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, तालवाद्यं आली.

(दृश्य: संध्याकाळ. सभागृह भरलेलं.)

पण आज मंचावर शेजारी कुणी नाही. एकट्यानं वाजवायच्या अशा मैफलीला ‘रिसायटल’ म्हणायची पद्धत लिस्ट या पियानोवादक-संगीतकाराच्या १८४०च्या लंडनमधल्या कार्यक्रमापासून रूढ झाली. साथीला तबला नाही, मागे तंबोरा नाही. समोर बहुधा कागदही नसतो. दीड-दोन तासांचं संगीत, हजारो सूर, सगळे डोक्यात आणि बोटांत. चूक झाली तर सावरून घ्यायला दुसरं माणूस नाही.

एकट्या पियानोसाठीची अशी एक मोठी रचना म्हणजे रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीची ‘चित्रं प्रदर्शनातली’. हार्टमान हा चित्रकार मित्र अचानक गेला. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, आणि ते पाहून मुसॉर्गस्कीनं १८७४ साली ही रचना लिहिली. सुरुवात नुसत्या एका हाताची असते. एकच सुरावट, खाली काही नाही, जसा एखादा माणूस दालनात शिरून पहिल्या चित्राकडे चाललाय. मग दोन्ही हात भरून स्वर येतात. या चालीच्या मात्रा मोजा: पाच, सहा, पाच, सहा. पाऊल सरळ पडत नाही. मित्राच्या आठवणीनं जड झालेला माणूस चालेल, तसंच ते पडतं. ही चाल नुसती मोजून वाजवली तर लंगडते. अकराच्या फेरात वाढलेल्या हाताला ती मोजावी लागत नसेल, असं मला ऐकताना दर वेळी वाटतं.

(दृश्य: स्कोपिये, वर्गाची खोली. दोन पियानो शेजारी शेजारी.)

इतकी दारं उघडल्यावर माणूस लंडनला राहतो, बर्लिनला राहतो. त्रपचेस्की स्कोपियेत राहिले. जिथे शिकले त्याच संगीत विद्याशाखेत शिकवलं, देशातल्या होतकरू मुलांसाठी धडपडले. वीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचा हा देश. इथल्या मुलीला गुरूसाठी देश सोडावा लागला नाही, तर ती रियाज संपवून रात्री घरी जेवायला जाते. शिकण्यात ही केवढी मोठी सोय आहे, हे परगावी खोली घेऊन शिकलेल्याला विचारा.

(दृश्य: पुन्हा सभागृह. टाळ्या.)

शेवटचा स्वर विरला. वादक उठतात, पियानोच्या कडेला हात टेकून वाकतात, आत जातात, पुन्हा येतात. आपण ज्याला ‘वन्स मोअर’ म्हणतो, ती घटका. ते बसतात. डावा हात खाली जातो.

तीन. दोन. दोन.